शिकागोत दोन दिवस, मॅच पण आणि भटकंती पण

प्रश्न: ताई, नवऱ्याला बेसबॉलचं वेड, मला खाणं-फिरणं हवं. शिकागोत शनिवार-रविवारात दोन्ही जमेल का?

उत्तर: अगं आरामात! शनिवारी कब्सची, म्हणजे शिकागोच्या बेसबॉल टीमची, मॅच असेल तर रिग्ली फील्ड गाठा, रेड लाइन मेट्रोच्या ॲडिसन स्टेशनपासून दोन पावलांवर, १९१४ चं मैदान आहे, मोठ्या स्कोअरबोर्डवरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात आणि भिंतीवरच्या वेलीत बॉल अडकला की बॅटरला थेट दुसरा बेस (धावेच्या चार टप्प्यांपैकी दुसरा) मिळतो, तुलाही मजा येईल बघ. नंतर डीप डिश पिझ्झा, म्हणजे खोलगट भांड्यात भाजलेला जाडजूड पिझ्झा, पण तो भाजायलाच पाऊण तास जातो त्यामुळे भूक कडकडायच्या आधीच ऑर्डर द्या. रविवारी नदीतली आर्किटेक्चर बोटटूर अजिबात चुकवू नका, मग आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय, १८९३ साली विवेकानंद याच इमारतीत बोलले होते. गाडी नेऊ नका, पार्किंग फार महाग पडतं.