फ्रेंच ‘कॅफे’ दोन फायलींत अगदी सारखं दिसतं, तरी शोधल्यावर जुळत नाही. असं का?

कारण त्यातलं शेवटचं, वर तिरकी रेघ असलेलं रोमन अक्षर ‘ई’ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतं. एक तर रेघेसकट तयार अक्षर, क्रमांक २३३. नाहीतर साधं ‘ई’ (१०१) आणि त्यामागोमाग सुटी रेघ (७६९). पडद्यावर फरक शून्य. यूटीएफ-८मध्ये (हे क्रमांक बाइटांत साठवायच्या पद्धतीत) मात्र पहिल्याचे २ बाइट, दुसऱ्याचे ३. म्हणून तुलनेआधी दोन्ही मजकूर ‘एनएफसी’ रूपात, म्हणजे अक्षर आणि सुटी रेघ जोडून एकसंध केलेल्या रूपात आणा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन तयारच आहे.

मराठीतही हा घोळ होतोच बरं का: ‘दुसऱ्या’तला ऱ एकसंध असू शकतो, किंवा र अधिक नुक्ता (खालचा टिंब).

आणि ‘कॅफे’तल्या त्या तयार ‘ई’ऐवजी भलतीच दोन चिन्हं दिसत असतील, तर भानगड वेगळी: यूटीएफ-८ फाइल लॅटिन-१ (दर अक्षराला एकच बाइट देणारी जुनी पद्धत) समजून उघडली गेलीय.