सहावीचा वर्ग आठवीपर्यंत न्यायचाय?

अभिनंदन सर, आणि टेन्शन घेऊ नका, मी जि.प. शाळेत दोनदा सहावी धरून आठवीपर्यंत नेलीये, त्यामुळे आत्ता लागेल तेवढंच सांगते.

१. सातवीत गेल्यावर "ही पोरं मला माहितीयेत" म्हणून बसू नका, सगळे इथेच चुकतात. माझा एक मुलगा सहावीत अपूर्णांक आले की रडायचा, मी त्याला कच्चाच धरून चालले आणि दिवाळीनंतर कळलं की पठ्ठ्या उन्हाळ्यात मामाच्या किराणा दुकानात बसून पाव, अर्धा, पाऊण किलो तोंडी करायला शिकून आलाय! जूनमध्ये परत तपासलं असतं तर सहा महिने वाचले असते.

२. एक वही करा, पोरामागे एक पान, कुठे अडतंय एवढंच लिहा, कौतुकबिवतुक नको.

३. आपला जो विषय कच्चा तो पोरांचा तीन वर्षं कच्चा राहतो (माझं इंग्रजी, काय सांगू), तर त्या तासांची दुसऱ्या मॅडमशी अदलाबदल करा, लाजू नका.

आणि मधेच दाखला घेऊन आलेलं पोरगं जुन्या गँगमध्ये एकटं पडतं, त्याला पहिल्याच आठवड्यात हजेरीबिजेरीचं काहीतरी काम द्या. स्कॉलरशिप परीक्षेचं आत्ता डोक्यात घेऊच नका, ते नंतर बोलू.