दिवसभर कामात असतो, तरी मुख्य काम संध्याकाळी तसंच शिल्लक. वेळ बसवायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत घरांचे नकाशे काढून देता, सकाळी दहाला ऑफिस उघडता आणि फोन, साइट, आल्यागेल्याचं बघता बघता नकाशाला हात लागतो तो रात्री आठनंतर. कुठलं ॲप घेऊ, असंही विचारलंय. ॲपचं मला विचारू नका, माझ्याकडे बँकेनं फुकट दिलेली डायरी आहे. पण दुखणं ओळखीचं आहे.

मी सांगलीत कर सल्लागार. गिऱ्हाईक बहुतेक मार्केट यार्डातलं, हळद-गुळाचे व्यापारी. आमच्या धंद्याची गंमत अशी, की कुठल्या तारखेला काय करायचं हे वर्षभर आधी माहीत असतं. 7 ला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, 14 ला 2बी येतं, म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आणि 20 ला 3बी, म्हणजे महिन्याचा जीएसटीचा हिशेब. म्हणजे खरेदीची बिलं 2बीशी जुळवायची डोकेफोड 14 ते 20 या दिवसांतच करायची. इतकं सगळं ठरलेलं असूनही मी कैक वर्षं 20 तारखेच्या रात्री पोर्टलवरचं फिरणारं चक्र बघत बसायचो.

अशाच एका 20 तारखेला एक व्यापारी भडंगाचा पुडा घेऊन आले आणि दोन तास बसले. माणूस चांगला, उठा कसं म्हणणार? त्या नादात दुसऱ्याच एकाचं 3बी 21 तारखेला गेलं. लेट फी 50 रुपये आणि एका दिवसाचं व्याज. ते मी खिशातून भरलं. पण "मग तुमच्याकडं काम द्यायचं कशाला?" हे जे ऐकून घ्यावं लागलं, ते काही भरून निघालं नाही.

त्या रात्री मला आमच्या अण्णांची आठवण झाली. वाळवा तालुक्यात आमचा थोडा ऊस आहे. शाळेत असताना मी त्यांच्याबरोबर रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला जायचो. शेतीची लाईट ठरल्या वेळी येणार आणि आठ तासांनी जाणार. बाराला लाईट येणार म्हटल्यावर अण्णा बाराला उठून खोरं शोधत बसायचे नाहीत. संध्याकाळीच पाट साफ केलेला, बॅटरी उशाशी, कुठल्या सरीपासून सुरू करायचं तेही पक्कं. एकदा लवकर झोपायला मिळेल म्हणून मी सात-आठ सऱ्या एकदम फोडल्या. "आता सगळ्यांची तोंडं भिजतील, टोकाला पाणी कुणाच्याच जायचं न्हाई," असं म्हणत त्यांनी माझ्याकडूनच परत मातीची दारं लावून घेतली. माझ्या ऑफिसात तेच चाललं होतं. दहा फायलींची तोंडं भिजलेली.

आता शटर ओढायच्या आधी दहा मिनिटं बसून उद्याचं पान लिहितो. सकाळी 8 ते 10:30 ही माझी पाण्याची पाळी. 'जीएसटीचं काम' असं मोघम लिहीत नाही. 'अमक्या पेढीची मे महिन्याची बिलं जुळवणं, न जुळलेल्यांची यादी त्यांना व्हॉट्सॲपवर' असं लिहितो. तुम्ही 'बंगल्याचा नकाशा' लिहू नका, 'पहिला मजला, जिन्याची आणि बाथरूमची जागा पक्की' असं लिहा. काय झालं म्हणजे काम झालं, हे आदल्या दिवशीच ठरलेलं पाहिजे. बिलांचा गठ्ठाही तेव्हाच टेबलावर काढून ठेवतो, आणि गठ्ठ्यात चार बिलं कमी असली तर ती तेव्हाच मागवता येतात. पूर्वी हे सकाळी नऊला कळायचं आणि तिथंच काम अडायचं. या सगळ्या खटाटोपातला मोठा फायदा मला हाच वाटतो.

त्या अडीच तासांत शटर अर्धं खाली आणि फोन कपाटात. सोफी लरॉय या अभ्यासक बाईंनी 2009 मध्ये मांडलं होतं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर मनाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि पुढचं काम बिघडतं. आकडे जुळवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एक फोन घेतला की पुन्हा पहिल्या बिलापासून सुरुवात. 25 मिनिटांचा टायमर लावूनही पाहिला. ऐन जुळणीत घंटा वाजायची, म्हणून सोडून दिला.

लोक काय म्हणतील याची मला फार धास्ती होती. पण नुसतं 'सकाळी येऊ नका' न म्हणता 'तीनला या, चहा घेऊ' म्हटलं, तर बहुतेकांना चाललं. सौदे आटोपून व्यापारी तसेही दुपारीच मोकळे होतात. 3 ते 5 दार उघडं, फोन हातात, भडंग असेल तर तेही. दोघं मात्र काम घेऊन दुसरीकडे गेले, हेही सांगतो.

अंदाजाचं तेवढं सांभाळा. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात 55 लागले. मनात येईल त्याच्या दीडपट वेळ मी लिहितो, तरी कमी पडतो. म्हणून गुरुवारची सकाळ मी कोरी ठेवतो. आठवड्यात सांडलेलं सगळं तिथं जातं, आणि तुमच्या धंद्यात तर सांडणारच, मालक जिना तीनदा फिरवायला लावतो.

सप्टेंबरात माझंही कोलमडतं. महिनाअखेरीला ऑडिटच्या तारखा, सीएकडे फायली पोचवायच्या आणि बऱ्याच वर्षी मध्येच गणपती. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक निघते, त्या दिवशी सांगलीत कोण कुणाची बिलं बघतंय? पंचांग तर आधीच हातात असतं, म्हणून त्या पानावर मी जूनमध्येच आडवी रेघ मारून ठेवतो.