वाचक विचारतात : सिरिंजमधली हवा, बंद पात्र आणि नागपूरचा खरा दाब

वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांच्या प्रयोगांबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : नियम पाठ आहे, पण आकडे त्यात बसत नाहीत. जवळजवळ प्रत्येक पत्रात नियमाच्या सूत्रात घातलेला दाब, आकारमान किंवा तापमान हे प्रत्यक्ष वायूचं नव्हतंच, असं आढळलं. म्हणून उत्तरांचा भर मोजमापावर आहे.

प्रश्न : २० मिलीच्या सिरिंजचं टोक बंद करून ती उभी बांधली आणि दट्ट्यावर वजनं ठेवत बॉईलचा नियम तपासला. दाब आणि आकारमानाचा गुणाकार स्थिर राहायला हवा, पण वजन वाढवलं की माझा गुणाकार कमी कमी होत जातो. वातावरणाचा दाब मोबाईलवरच्या हवामान अॅपमधून घेतला, १०१० हेक्टोपास्कल. चूक कुठे असेल?
— अकरावीची विद्यार्थिनी, महाल

उत्तर : पहिली चूक त्या १०१० मध्येच आहे. हवामानाच्या अॅपवर दिसतो तो समुद्रसपाटीला आणून ठेवलेला दाब, म्हणजे तुझं घर समुद्रकाठी असतं तर तिथे किती दाब असता तो आकडा. वेगवेगळ्या गावांचे नकाशे जुळावेत म्हणून तो तसा देतात. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, त्यामुळे इथला खरा दाब त्याहून साधारण ३५ हेक्टोपास्कलने कमी असतो. तुझ्या दिवशीचा खरा आकडा ९७५ हेक्टोपास्कल, म्हणजेच ९७.५ किलोपास्कल धर. काही मोबाईलमध्ये दाबाचा सेन्सर असतो. तो वाचणारं अॅप घेतलंस तर खोलीतला खरा दाब थेट मिळेल आणि वजाबाकीची गरजच पडणार नाही.

दुसरी गोष्ट दट्ट्याच्या क्षेत्रफळाची. रबराचा व्यास पट्टीने मोजू नकोस. १९.५ मिमीच्या व्यासात अर्ध्या मिमीची चूक झाली, तरी क्षेत्रफळात पाच टक्के फरक पडतो. त्यापेक्षा सिरिंजवरची ० ते २० मिलीच्या खुणांमधली लांबी मोज. ती ६.६७ सेंमी भरली, तर २० भागिले ६.६७ म्हणजे ३.० चौरस सेंमी. हे आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ आहे आणि आपल्याला तेच हवं.

आता १ किलो वजनाने ९.७९ न्यूटन बल पडतं. ३ चौरस सेंमीवर त्याचा दाब ३२.६ किलोपास्कल होतो. हा वातावरणाच्या दाबात मिळवायचा. वजन नसताना ९७.५ किलोपास्कलला २० मिली असेल, तर १ किलोला १३०.१ आणि १५ मिली, २ किलोंना १६२.७ आणि १२ मिली, ३ किलोंना १९५.३ आणि १० मिली यायला हवेत. दट्ट्या आणि वजनं ठेवायची फळी यांचंही वजन असतं, ते आधीच तोलून प्रत्येक ओळीत धर. कारण तेही हवेला दाबतच असतं.

दाब दुरुस्त करूनही गुणाकार घसरत राहिला, तर दोन शक्यता उरतात. एक म्हणजे गळती. सगळी वजनं काढून दट्ट्या हलकेच वर-खाली करून सोड. तो २० वर परत न येता १९ वर थांबला, तर हवा निसटली आहे. टोकात घट्ट बसणारा रबरी बूच घाल किंवा एम-सील लाव आणि ते पूर्ण वाळू दे. रबराच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरव. खोबरेल तेल नको, तेलाने रबर फुगतं आणि दट्ट्या जड चालतो.

दुसरी शक्यता न मोजलेल्या आकारमानाची. सिरिंजच्या निमुळत्या टोकातली हवा खुणांमध्ये धरलेली नसते. टोक जवळच बंद केलं असेल तर ती थोडीशीच असते, पण रबरी नळी जोडून चिमटा लावला असेल तर अर्धा मिलीसुद्धा भरते. ही चूक शोधायची सुंदर युक्ती आलेखात आहे. आडव्या अक्षावर १ भागिले दाब आणि उभ्या अक्षावर वाचलेलं आकारमान घे. रेषा सरळ येते, पण मूळबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला शून्याच्या खाली छेदते. जितक्या खाली छेदेल तितकं तुझं न मोजलेलं आकारमान. ते प्रत्येक वाचनात मिळवलं की गुणाकार स्थिरावतो.

घर्षण मात्र उलट दिशेने फसवतं. वजन चढवताना दट्ट्या जिथे थांबायला हवा त्याच्या वरच अडकतो, उतरवताना खालीच राहतो. म्हणून प्रत्येक वजनाला चढताना आणि उतरताना अशी दोन वाचनं घेऊन सरासरी काढ. वाचण्याआधी सिरिंजला बोटाने टिचकी मार. वजन ठेवल्यावर अर्धा-एक मिनिट थांब, कारण दाबताना हवा तापते आणि ती खोलीच्या तापमानाला यायला वेळ लागतो. सिरिंज हातात धरू नकोस, स्टँडला बांध. बॉईलचा नियम १६६२ सालचा, पण तापमान स्थिर हवं ही अट स्पष्टपणे मांडली ती फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत यांनी १६७६ मध्ये. तुझ्या प्रयोगात हीच अट सगळ्यात सहज मोडते.

प्रश्न : सिरिंजमध्ये हवेऐवजी खायचा सोडा आणि व्हिनेगरपासून मिळवलेला कार्बन डायऑक्साइड भरला, तर नियमापासूनचा फरक दिसेल का?
— विज्ञान शिक्षक, काटोल रस्ता

उत्तर : सिरिंजने नाही दिसणार. खोलीच्या तापमानाला, वातावरणाच्या दुप्पट दाबाला कार्बन डायऑक्साइड आदर्श वायूपासून (नियम तंतोतंत पाळणाऱ्या काल्पनिक वायूपासून) साधारण एक टक्का ढळतो आणि हवा तर एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकीही नाही. दट्ट्याचं घर्षण याहून मोठं असतं. शिवाय व्हिनेगरचे थेंब आत गेले, तर वायू त्यात विरघळतो आणि खोटा फरक दिसतो. हवेच्या प्रयोगात आलेख वाकला, तर दोष उपकरणात शोधावा, हा यातला उपयोगी निष्कर्ष.

प्रश्न : २५० मिलीच्या शंकुपात्रात बीएमपी२८० हा दाबाचा सेन्सर बसवून, बूच लावून, पाण्यात ३० अंशांपासून तापवलं. ६८-६९ अंशांच्या पुढे आकडे विचित्र येऊ लागले. मग एमपीएक्स४२५०एपी सेन्सर आणला, पात्र स्वच्छ धुऊन पुन्हा प्रयोग केला. आता दाब फारच वेगाने वाढतो. ३० आणि ६० अंशांच्या वाचनांतून रेषा मागे नेली तर शून्य दाब उणे २७३ ऐवजी उणे ८७ अंशांवर येतो!
— कनिष्ठ महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायक, प्रतापनगर

उत्तर : पहिल्या सेन्सरची मर्यादा ३०० ते ११०० हेक्टोपास्कल आहे. तो हवामानासाठी बनवलेला आहे. ३० अंशांना ९७५ हेक्टोपास्कलवर बंद केलेली हवा साधारण ६९ अंशांना ११०० ला पोहोचते, त्यापुढच्या आकड्यांची हमी नाही. दुसरा सेन्सर २० ते २५० किलोपास्कल मोजतो. तुमची ती निवड योग्यच आहे.

बंद पात्रातल्या कोरड्या वायूचा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढतो, आणि ती रेषा मागे नेली की उणे २७३ अंशांना दाब शून्य यायला हवा. उणे ८७ चं कारण ‘स्वच्छ धुऊन’ या शब्दांत आहे. पात्रात पाणी राहिलं. ३० अंशांना संपृक्त बाष्पाचा, म्हणजे हवेत मावेल तेवढ्या जास्तीत जास्त बाष्पाचा, दाब ४.२ किलोपास्कल असतो, ६० अंशांना तो १९.९ होतो. हिशेब करून पाहा : ९७.५ मधून ४.२ वजा केले की कोरड्या हवेचे ९३.३ उरतात, ६० अंशांना ते १०२.५ होतात, त्यात बाष्पाचे १९.९ मिळवले की १२२.४. कोरड्या पात्रात १०७.२ च यायला हवे होते. १२२.४ ने रेषा मागे नेली की बरोबर उणे ८७ मिळतात. म्हणजे तुमची वाचनं चोख आहेत, फक्त आतल्या वायूचं प्रमाण तापताना वाढत गेलं. २५० मिली जागा ६० अंशांना संपृक्त करायला जेमतेम ०.०३ ग्रॅम पाणी पुरतं, एका थेंबाहूनही कमी. डोळ्यांना पात्र कोरडं दिसलं तरी भरवसा ठेवू नका.

पात्र स्पिरिटने विसळा, ड्रायरच्या गरम हवेने दहा मिनिटं वाळवा, मग निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आत टाकून रात्रभर बूच लावून ठेवा. प्रयोगाआधी पुरचुंडी बाहेर काढा, कारण तापल्यावर सिलिका जेल घेतलेलं पाणी परत सोडतं. बर्फाच्या बाजूची वाचनं घ्यायची असतील तर नागपुरात ऋतूचाही विचार करा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाष्पाचा दाब ३ किलोपास्कलच्या वर असतो आणि शून्य अंशाला त्यातलं ०.६ च वायुरूप राहतं, बाकीचं काचेवर जमतं. दाब अडीच-तीन टक्क्यांनी जास्तच उतरतो. कोरड्या दिवसांत ही अडचण बरीच कमी होते.

आता पुढच्या चुका आधीच टाळा. सेन्सर बाहेर ठेवून नळीने जोडला असेल, तर नळीतली हवा तापत नाही. २५० मिलीच्या पात्राला १० मिलीची नळी असली आणि ३० ते ८० अंशांत मोजलं, तरी शून्य दाब उणे २८७ वर जातो. २ मिमी पोकळीची आखूड नळी वापरा. पात्र मानेपर्यंत पाण्यात बुडवा, तळाला टेकवू नका, पाणी ढवळत राहा आणि प्रत्येक तापमानाला निदान पाच मिनिटं थांबा. तापताना आणि निवताना दोन्ही वेळा वाचा. दोन्ही आलेख एकमेकांवर पडले नाहीत, तर एकतर घाई झाली आहे किंवा बूच गळतो आहे.

सेन्सरचं व्होल्टेज दाबात बदलण्यासाठी सूत्र असं : व्होल्टेज भागिले पुरवठ्याचं व्होल्टेज = ०.००४ गुणिले किलोपास्कलमधला दाब, वजा ०.०४. पाच व्होल्ट पुरवठ्याला १०० किलोपास्कलवर १.८ व्होल्ट मिळतात. पुरवठा ४.७ व्होल्ट असताना सूत्रात ५ घातले तर सगळे आकडे चुकतात. आर्डुइनो युनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सेन्सर आणि मोजणी दोन्ही एकाच पुरवठ्यावर ठेवली की हा दोष आपोआप कटतो. तिथे मोजणीची एक पायरी, म्हणजे ओळखता येणारा सगळ्यात लहान बदल, ०.२४ किलोपास्कलची पडते. शून्य ते ८० अंशांत दाब सुमारे २६ किलोपास्कलने बदलतो, म्हणून एका पायरीची चूक शेवटी अडीच-तीन अंशांची होते. प्रत्येक ठिकाणी पन्नास वाचनांची सरासरी घ्या. ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर सेन्सर थेट जोडू नका, दोन रोधांनी व्होल्टेज विभागून द्या.

पात्र थेट ज्योतीवर कधीही तापवू नका. ८० अंशांना आतला दाब बाहेरच्यापेक्षा १६ किलोपास्कलने जास्त होतो, अडीच सेंमीच्या बुचावर सुमारे ८०० ग्रॅम वजनाइतका रेटा येतो. बूच तारेने बांधा, चष्मा घाला आणि तडा गेलेली काच वापरू नका. एवढं सांभाळून उणे २६० ते उणे २८५ च्या दरम्यान उत्तर आलं, तर प्रयोग उत्तम झाला असं समजा.

प्रश्न : उकळत्या पाण्यात माझी तापमापी ९९ च दाखवते. बदलून घ्यावी का?
— नववीचा विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : नको, ती बरोबर आहे. ९७.५ किलोपास्कलला पाणी ९८.९ अंशांनाच उकळतं. दुसरं टोक कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून तपास, तिथे शून्य यायला हवं. फ्रीझरमधला कोरडा बर्फाचा तुकडा शून्याच्या बराच खाली असतो, त्यावर तापमापी तपासू नकोस.

प्रश्न : सकाळी २५ अंशांना गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. मे महिन्यातल्या दुपारी वर्धा रस्त्यावरून आल्यावर ३६-३७ दिसली. गणिताने ३५ च येते. नायट्रोजन भरला तर वाढणार नाही, असं पंपावर सांगतात. खरं काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तुम्ही दाबमापकाचा ३२ हा आकडा थेट सूत्रात घातला. दाबमापक बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो. नागपुरात बाहेरचे १४.१ पीएसआय त्यात मिळवा : ४६.१. सूत्रात तापमानही २७३ मिळवून घालायचं असतं, म्हणून २५ चे २९८ आणि ५५ चे ३२८ होतात. टायरमधली हवा ५५ अंशांना गेली तर ४६.१ ला ३२८ ने गुणून २९८ ने भागा, ५०.७ येतात. त्यातून १४.१ वजा केले की ३६.६. नायट्रोजनलाही हाच नियम लागतो, आणि हवेत तो ७८ टक्के असतोच. त्याचा फायदा असलाच तर तो कोरडा असतो एवढाच, कारण कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर टायरमध्ये जाऊ शकतं. तापलेल्या टायरमधून हवा काढू नका, सकाळी तो २७-२८ वर उतरलेला सापडेल. दाब नेहमी थंड टायरचाच तपासा.

प्रश्न : घरगुती गॅसच्या सिलिंडरला दाबमापक लावून उरलेला गॅस मोजता येईल का? दाब आणि तापमान माहीत असल्यावर वस्तुमान निघायला हवं.
— एक वाचक, सदर

उत्तर : नाही. सूत्रातला वायू पूर्णपणे वायुरूप असायला हवा. सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि त्याच्या वर बाष्प. गॅस वापरला की द्रव उकळून ती जागा भरतो, त्यामुळे द्रवाचा थोडा अंश उरेपर्यंत दाब तापमानावरच ठरतो. अर्धा सिलिंडर आणि पूर्ण सिलिंडर सारखाच दाब दाखवतात. आकडा खाली येऊ लागेल तेव्हा द्रव संपलेला असेल. शिवाय रेग्युलेटर आणि नळीच्या मध्ये स्वतः जोड घालणं धोक्याचं आहे, ते मुळीच करू नका. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन छापलेलं असतं. रेग्युलेटर काढून सिलिंडर काट्यावर ठेवा आणि ते वजा करा. टाकी १५.३ किलोची आणि काटा १९.५ दाखवत असेल, तर १४.२ किलोंपैकी ४.२ किलो गॅस शिल्लक आहे.