कॅलिफोर्नियात सॅन रॅमोनला घर घेतोय. कॉलनीच्या हिरवळीला रिसायकल्ड पाणी देतात, मुलांना तिथे खेळू द्यावं का? तेच पाणी परसातल्या मेथीला-कढीपत्त्याला मिळेल का? (शेवटी ते संडासाचंच पाणी ना?)

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न घातलेत. जांभळ्या पाट्या (रिसायकल्ड पाण्याची खूण) लावलेल्या हिरवळीवर मुलांना सोडावं का, तेच पाणी परसातल्या मेथीला आणि कढीपत्त्याला मिळेल का, आणि कंसात हळूच, ‘शेवटी ते संडासाचंच पाणी ना?’ पहिल्या दोन्हींची उत्तरं एका ओळीत होतात. मुलांना खुशाल खेळू द्या. मेथीला मिळणार नाही, कारण जांभळी लाइन घरोघरी येत नाही; ती बागा, शाळांची मैदानं, रस्त्याचे दुभाजक आणि एचओएच्या (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या) सामायिक जागेपुरती असते. तिसऱ्या प्रश्नावरून मात्र मी बरीच भांडणं केली आहेत, तेव्हा लांबण लागली तर समजून घ्या.

हो, संडासाचंच आहे. शिवाय बाथरूमचं, सिंकचं, वॉशिंग मशिनचं. डब्लिन, प्लेझंटन आणि सॅन रॅमोनच्या दक्षिण भागाचं सांडपाणी प्लेझंटनच्या प्रकल्पात येतं. तिथे ते शुद्ध करायचं, मग पंप लावून डोंगरावर चढवायचं आणि पलीकडे सॅन लिआंड्रोपाशी खाडीत सोडून द्यायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. जास्तीचं पाणी अजूनही त्याच वाटेने जातं. म्हणजे इकडे वीज जाळून पाणी फेकायचं आणि तिकडे गवतासाठी सिएरा नेवाडाच्या बर्फाचं पिण्याचं पाणी आणायचं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी बघत वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते मी लिहीत बसत नाही.

सॅन रॅमोनच्या बऱ्याच भागाला पिण्याचं पाणी पुरवते ईस्ट बे मड ही पाणीपुरवठा संस्था. तिचा सांडपाण्याचा मोठा प्रकल्प ओकलंडला, डोंगरापल्याड. म्हणजे हिरवळवाली गिऱ्हाइकं इथे आणि पाणी तिथे. डब्लिन सॅन रॅमोन सर्व्हिसेस डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे डीएसआरएसडीकडे, प्रकल्प अगदी हाताशी. म्हणून दोघांनी १९९५ मध्ये मिळून ‘डर्वा’ नावाची संयुक्त संस्था काढली. प्रत्यक्ष पाणी वाहिलं २००६ मध्ये. मधली वर्षं पाइप, पंप, टाक्या आणि कोणी किती पैसे द्यायचे यात गेली. २०१४ मध्ये प्लेझंटन शहरही करार करून या पाण्यात सामील झालं. आपल्याकडे नवी मुंबई महापालिका शुद्ध केलेलं सांडपाणी एमआयडीसीतल्या कारखान्यांना देते, त्याच जातीची ही व्यवस्था. फक्त गिऱ्हाईक कारखाना नसून गवत.

नेहमीच्या शुद्धीकरणानंतर हे पाणी पुन्हा बारीक गाळतात आणि अतिनील प्रकाशाखालून नेतात. कॅलिफोर्नियाचा नियम असा, की १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणूंचं सात दिवसांचा मध्यक (मधला आकडा) २.२ च्या वर जाता कामा नये. या दर्जाचं पाणी मुलांच्या मैदानालाच काय, कच्च्या खायच्या भाज्यांनाही चालतं. मॉन्टेरेकडे कॅस्ट्रोव्हिलच्या आसपास १९९८ पासून स्ट्रॉबेरी, लेट्यूस, आर्टिचोक याच पाण्यावर पिकतात. तुम्हाला इथे येऊन काही महिने झाले असतील तर त्यातलं काहीतरी तुमच्या पोटात बहुधा गेलंच आहे.

आता आमच्या कॉलनीची गोष्ट. मी पूर्व डब्लिनला राहते. आमच्या एचओएच्या लँडस्केप कमिटीत होते आणि या पाण्याचा ‘साइट सुपरवायझर’चा वर्गही केला होता. (प्रत्येक जागेसाठी असा एक माणूस नेमावाच लागतो. पिण्याची लाइन आणि जांभळी लाइन कुठे चुकून जोडली गेली नाही ना, हे एक बंद करून दुसरीवर दाब बघून तपासतात, तेव्हा तो हजर हवा. काम कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी घेत नाही.) आमच्या फाटकापासून आत बिल्डरने दोन्ही बाजूंना रेडवुड लावले होते. दिसायला देखणे, घर विकायला उत्तम. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांची पानं टोकाकडून तांबूस व्हायला लागली. जवळ जाऊन पाहिलं तर पान अर्ध्यापर्यंत हिरवं, पुढे विटकरी, आणि बोटाने चोळलं की टोक चुरायचं.

कमिटीत एक मराठी गृहस्थ होते. मूळचे दादरचे, इथल्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत, आवाज खणखणीत. त्यांनी बैठकीत जाहीर केलं, की जांभळ्या पाण्याने झाडं मारली, आता सगळी लाइन तोडून पिण्याचं पाणी जोडून घ्या. कधी? राज्यात दुष्काळाची आणीबाणी लागलेली असताना! डब्लिनला पिण्याचं पाणी झोन सेव्हन या घाऊक पाणीपुरवठा संस्थेकडून येतं, झोन सेव्हनची बरीच मदार राज्याच्या जलप्रकल्पावर, आणि त्या प्रकल्पाने त्या जानेवारीत ‘यंदा शून्य टक्के’ असं सांगून ठेवलेलं. पुढे कसेबसे पाच टक्के दिले. आम्ही लोक बादलीत आंघोळ करत होतो आणि यांना रेडवुडला पिण्याचं पाणी पाजायचं होतं.

मी विरोध केला. बैठक संपल्यावर कॉफी ओतून घेताना ते मला म्हणाले, “वहिनी, तुम्ही सोलापूरच्या. तुम्हाला कुठलंही पाणी चालतं.”

बाकीचे हसले. मीही हसले असेन. पण हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही आणि या उत्तराची लांबी त्यामुळेच आहे.

मग मी झाडांचा जाणकार बोलावला, मातीचे नमुने तपासायला पाठवले. अहवाल आला: मुळांशी सोडियम आणि क्लोराइड साठलंय. रेडवुड हे किनाऱ्यालगतच्या धुक्यातलं झाड, त्याला क्षार सोसत नाहीत. आमच्याकडची माती चिकट, पाऊस नाही, आणि पाणी वाचवायचं म्हणून माळी रोज थोडं थोडं शिंपडायचा. थोड्या पाण्याने क्षार खाली जात नाहीत, वरच साचतात. म्हणजे गृहस्थांचं अर्धं खरं होतं. या पाण्यात मीठ जास्त असतं हे मी कधीच नाकारलं नाही. गाळणी आणि अतिनील प्रकाश जंतूंचं काम करतात. विरघळलेलं मीठ त्यातून आरामात पार होतं.

पण ते मीठ येतं कुठून, हे कोणी विचारेना. त्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांच्याकडे गेले. चपला गॅरेजमध्ये काढायच्या होत्या. तिथे भिंतीला टेकून मिठाच्या चाळीस-चाळीस पौंडांच्या पिवळ्या पिशव्यांची थप्पी, आणि शेजारी पुरुषभर उंचीचा वॉटर सॉफ्टनर. त्याची बारीक नळी वॉशिंग मशिनच्या ड्रेनमध्ये खोचलेली. डब्लिनचं पाणी कडक, काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग पडतात, म्हणून घरोघरी हे यंत्र. ते ठरावीक दिवसांनी स्वतःला मिठाच्या पाण्याने धुऊन घेतं आणि तो सगळा खारट द्राव गटारात सोडतं. गटार जातं प्लेझंटनला. प्लेझंटनहून जांभळ्या पाइपातून ते येतं आमच्या फाटकाच्या रेडवुडला. स्वतःच्या गॅरेजमधून झाडांना मीठ घालायचं आणि बैठकीत संडासाच्या नावाने बोटं मोडायची!

पुढच्या बैठकीत मी हे बोलले. नाव घेतलं नाही, पण पिवळ्या पिशव्या म्हटलं आणि सगळ्यांना कळलं. ते म्हणाले, एका घराच्या मिठाने काय होतंय. हे तर प्रत्येक घर म्हणू शकतं.

लाइन तोडली नाही. रोजचं शिंपण बंद करून मधे दिवस सोडून खोल पाणी द्यायला लागलो, म्हणजे क्षार मुळांखाली उतरतात. मातीत जिप्सम घातलं, बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा थर दिला, फाटकाजवळचं शोभेचं गवत काढून टाकलं. काही रेडवुड सावरले, काही गेलेच. त्यांच्या जागी ऑलिव्ह लावले. गृहस्थ अजूनही मंडळात ‘आमचे रेडवुड’ म्हणून उसासे टाकतात.

त्याच दुष्काळात डीएसआरएसडीने लोकांना हे पाणी फुकट न्यायची सोय केली होती. आधी थोडं प्रशिक्षण, एका कागदावर सही, भांड्याला झाकण हवंच आणि त्यावर ‘पिऊ नये’ची चिठ्ठी; एका वेळी ३०० गॅलनपर्यंत. लोक पिकअपमध्ये मोठमोठ्या चौकोनी टाक्या घालून यायचे. तसली टाकी भरली की टनाच्या वर वजन जातं, गाडी मागून बसायची. माझे बाबा तेव्हा सोलापूरहून आले होते. माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले आणि म्हणाले, “फुकट पाणी, आणि कुणी भांडत नाही? मग रांग कशाला म्हणायची हिला?” परत आल्यावर आमच्या लिंबाला त्यांनी स्वतः ते पाणी घातलं. त्यांना एकदाही संडास आठवला नाही. तीन-चार महिने ते लिंबू खाऊन मग सोलापूरला गेले.

तेव्हा तुम्हाला सल्ला विचाराल तर ‘ते पाणी घाण आहे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांना आधी विचारा, तुमच्या ड्रेनमध्ये काय काय जातं.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. मुलांनी स्प्रिंकलरला तोंड लावायचं नाही आणि खेळून आल्यावर हात धुवायचे. पाणी सहसा रात्री देतात, सकाळपर्यंत गवत वाळतं. दिवसाढवळ्या स्प्रिंकलर उडताना किंवा रस्त्यावर ओघळ वाहताना दिसला तर एचओएला कळवा; ओघळ वाहू देणं तर नियमातच बसत नाही. घरात कोणाची केमोथेरपी वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मला नको. जांभळ्या झाकणाच्या चेंबरला स्वतःची नळी जोडायचा उद्योग तर मुळीच करू नका.

दुसरं, एचओएवाले सांगतील की आमच्याकडे दुष्काळातही पाणी कमी पडत नाही. त्यावर शंभर टक्के विसंबू नका. माणसं जानेवारीत आणि जुलैत साधारण तेवढाच फ्लश करतात, गवताला मात्र तहान जुलैत लागते. भर उन्हाळ्यात मागणी सांडपाण्याच्या पुढे जाते. डीएसआरएसडीने २०१९ मध्ये नव्या जोडण्या थांबवल्या त्या याचमुळे. तुमच्या कॉलनीची जोडणी जुनी असेल तर चिंता कमी. तरी एचओएच्या कागदांत झाडं बदलायला किती पैसे बाजूला ठेवलेत ते बघा, आणि फाटकाशी रेडवुड असतील तर जवळ जाऊन पानांची टोकं चोळून बघा. आतल्या किचन काउंटरपेक्षा ते जास्त कळतं.

आणि सॉफ्टनर. तुमच्या घराला ईस्ट बे मडचं पाणी येत असेल तर ते मुळातच मऊ आहे, तुम्हाला तो लागणारच नाही. दारावर विकायला आला तर परत पाठवा. पुढे डब्लिनला आलात आणि कडक पाण्याने अगदीच हैराण झालात, तर टाकी बदलून देणारी सेवा मिळते. कंपनी वापरलेली टाकी घेऊन जाते, तिच्याकडे धुते, तुमच्या गटारात मीठ जात नाही. त्या गृहस्थांनाही मी हेच सुचवलं होतं. महाग पडतं म्हणाले.