मराठीत शब्दकोडी आणि प्रश्नमंजुषा स्वतः तयार करायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कोडी सोडवायची आवड जुनीच आहे, आता घरच्यांसाठी स्वतः करायची आहेत, पण पंधरा बाय पंधराचं जाळं आखून बसलं की चार-पाच शब्दांपुढे गाडी सरकत नाही. मी लातूरचा. शेजारपाजारच्या पोरांसाठी आणि येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात जमणाऱ्या गोतावळ्यासाठी मी कोडी करतो आणि यात मला मनापासून रस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते मोठं जाळं बाजूला ठेवा. जगातलं पहिलं मानलं जाणारं शब्दकोडं आर्थर विन यांचं, ते २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आलं. ते चौकोनीही नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. तेव्हा आकाराचा धाक नको. तीन बाय तीनपासून सुरू करा. हे बघा:

स र स
र स द
स द र

आडवे वाचा की उभे, शब्द तेच. आता शोधसूत्रं. 'सरस'साठी: सुतार लाकूड चिकटवायला वापरत आणि दोघांत जो उजवा तोही. 'रसद'साठी: देवगिरीला वेढा पडला तेव्हा धान्याच्या म्हणून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं असं सांगतात, तिथे जी कमी पडली ती. 'सदर'साठी: गढीत पाटील जिथे बसून निवाडा करत ती जागा. शब्द तीनच, पण आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना बोलायला विषय मिळतो.

तुमची गाडी अडते त्याचं खरं कारण लिपीत आहे. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटा वर्ण बसतो. आपल्याकडे एका घरात अख्खं अक्षर येतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरासकट. 'किल्लारी' तीन घरांत मावतं. त्यामुळे शब्द आखूड होतात, पण एकमेकांना छेद द्यायला कठीण जातात. म्हणून शब्द निवडतानाच त्यातलं प्रत्येक अक्षर तपासायचं: हे अक्षर असलेले आणखी किती शब्द मला पटकन सुचतात? 'परभणी'तला णी घ्या: पाणी, राणी, लोणी, कहाणी, रांगच लागते. 'उस्मानाबाद' या धाराशिवच्या जुन्या नावातला स्मा घ्या: स्मारक, अकस्मात, मग डोकं खाजवावं लागतं. असं अक्षर जाळ्यात आलंच तर ते छेदाबाहेर ठेवा, म्हणजे त्याच्या वर-खाली काळी घरं टाका.

ळ आणि ण यांची गोष्ट वेगळी. मराठीत या दोघांनी शब्द सुरू होत नाही. सगळ्यात वरच्या ओळीत 'कमळ' किंवा 'पैठण' लिहिलंत की शेवटच्या घरातून खाली उभा शब्द निघणारच नाही, आणि तुम्ही तासभर शब्दकोश चाळत बसाल. हेच शब्द तळाच्या ओळीत किंवा उजव्या कडेला उभे टाका. तिथे ळ-ण दुसऱ्या शब्दाच्या शेवटी येतात, आणि तसे शब्द पाहिजे तेवढे आहेत: बाभूळ, तांदूळ, आठवण, सारवण.

ऱ्हस्व-दीर्घाबाबत काही जण सवलत घेतात, आडव्यात वि आणि उभ्यात वी चालवून घेतात. मला ते मान्य नाही. उलटसुलट सारखी वाचता येणारी वाक्यं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांत 'रामाला भाला मारा' आणि 'ती होडी जाडी होती' ही अक्षरागणिक चोख आहेत. 'चिमा काय कामाची'मध्ये मात्र एका टोकाला चि आणि दुसऱ्या टोकाला ची. बोलताना कळत नाही, पण कागदावर घर एकच असतं आणि त्यात दोन अक्षरं राहत नाहीत.

लहान मुलांसाठी जाळ्यापेक्षा सोपा खेळ म्हणजे शब्दांवरच्या मात्रा काढून टाकणं. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळं काढायचं आणि विषय सांगायचा. विषय मराठवाड्यातले जिल्हे: लतर, जलन, नदड, हगल, धरशव. लातूर, जालना ही लगेच येतात, 'हगल'वरून हिंगोली यायला वेळ लागतो. तयारीला पाच मिनिटं पुरतात.

आता प्रश्नमंजुषा. माझं ठाम मत असं की चांगल्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला माहीत असतं, निदान विचार करून त्याला तिथवर पोहोचता येतं. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन कधी असतो?' हा प्रश्न नुसती तारीख मागतो. त्याऐवजी विचारा: देशभर १५ ऑगस्टचं झेंडावंदन होऊन महिना झाला की महाराष्ट्रातले आठ जिल्हे पुन्हा झेंडावंदन करतात, ते का? मग कुणाला हैदराबाद संस्थान आठवतं, कुणाला निजाम, आणि बोलता बोलता १७ सप्टेंबर १९४८ सापडतो. किंवा हा: धरण पैठणला, मग नाव जायकवाडी का? आधी ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं, पुढे जागा गोदावरीच्या वरच्या अंगाला सरकली आणि नाव तेच राहिलं. असं उत्तर ऐकून माणूस ते दुसऱ्याला सांगायला जातो.

प्रश्नाला उत्तर एकच निघतं ना, हे मात्र कठोरपणे तपासा. 'मराठवाड्यातलं ज्योतिर्लिंग कोणतं?' असं विचारलंत तर घृष्णेश्वर, परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ, तिन्ही बरोबर. त्यातही वैद्यनाथ देवघरचा आणि नागेश्वर द्वारकेजवळचा मानणारे लोक आहेत, म्हणजे वाद ठरलेला. लोणार सरोवर मराठवाड्याच्या प्रश्नांत घालू नका, ते बुलढाणा जिल्ह्यात, विदर्भात येतं. जोड्या लावायला देत असाल तर एका बाजूला एक नाव जास्त ठेवा. गावं चार: गंगाखेड, तेर, जांब, पैठण. संत पाच: एकनाथ, दासोपंत, जनाबाई, रामदास, गोरा कुंभार. दासोपंत अंबाजोगाईचे, त्यांना इथे जोडी नाही. अशाने शेवटची जोडी आपोआप फुकट जुळत नाही.

सोडवणारं कोण आहे, हे ठरवल्याशिवाय एकही सूत्र लिहू नका. 'येळवशीला मडक्यातून शेतात जाते' असं लिहिलं की लातूर-धाराशिवकडचं पोरगंही 'आंबील' भरतं. पुण्याच्या भाच्याला तेच सूत्र निरर्थक वाटेल, त्याच्यासाठी 'ताकातलं आंबटसर पातळ पेय' असं लिहावं लागेल.

कोडं झालं की ते एका माणसाला पेन्सिलीसह द्या आणि शेजारी गप्प बसा. तो कुठे थांबतो, कुठे खोडतो, कुठल्या सूत्रावर 'म्हणजे काय?' विचारतो, तेवढं टिपून घ्या. उत्तर सांगितल्यावर तो 'अरे हो!' म्हणाला तर सूत्र ठेवा. 'असं पण असतं का?' म्हणाला तर बदला.