सीट कुठून घेताय, ते आधी बघा

"मुलीला बारावीत ६८ टक्के, लॉ सीईटीत बऱ्यापैकी मार्क. पाच वर्षांचं लॉ करायचं म्हणते. हे छापखान्यात आहेत, वर्षाचे साडेतीन लाख होतात. आम्ही ओबीसी. पण शिष्यवृत्ती नव्वदच्या वरच्यांनाच ना? एक कॉलेज म्हणतंय, आत्ताच पैसे भरा, संस्था कोट्यातून सीट पक्की." विक्रोळीहून एका आईने हे लिहिलंय.

ताई, ते पैसे भरू नका.

नव्वद टक्क्यांचं डोक्यातून काढून टाका. ती गुणवत्तेची शिष्यवृत्ती. तुम्हाला हवी ती गरजेवरची, आणि तिथे दोन गोष्टी बघतात: घरात येतं किती आणि प्रवेश झाला कसा. पहिलीत तुम्ही बसता. दुसरीत मात्र हे कॉलेज तुम्हाला अडकवतंय.

२०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. पण प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, कॅप फेरीतून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा. संस्था कोटा, मॅनेजमेंट कोटा, खासगी विद्यापीठ, यांना यातलं काही लागू नाही. आज 'पक्की' केलेली सीट पाचही वर्षं तुमच्याच खिशातून जाईल. हे काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही.

कॅपमध्ये चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय पसंतीक्रमात जरूर टाका. १८५५ चं कॉलेज आहे, फीही खासगीच्या मानाने किरकोळ. पवईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वाट वेगळी, तिथे क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा लागते.

आता कागद. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल. सेतूत आजच अर्ज टाका. निकालानंतर तिथली रांग वाढते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. भरला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला पडून असतो, कागद अस्पष्ट असेल तर परत येतो, आणि मूल इकडे निर्धास्त. आठवड्याला एकदा स्टेटस बघायला लावा.

आणखी एक. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तेव्हा मुलीच्या आधारला कुठलं खातं जोडलंय ते बँकेत जाऊन विचारा. सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या, विसरलेल्या खात्यात पैसे गेलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात.

पुस्तकं, रेल्वे पास, कॉलेजची इतर फी यात येत नाही. तेवढी तजवीज घरातून ठेवा. शैक्षणिक कर्जाचा विचार त्यानंतर, आत्ता नाही.

पहिल्या यादीत नाव नाही आलं तर घाबरू नका, पुढच्या फेऱ्या असतात. तेव्हा मला परत लिहा. तोवर त्या कॉलेजचा फोन आला तर 'कॅपची वाट बघतोय' एवढंच सांगा.